ब्रदरचा ताप

ताप यायचा तो संध्याकाळी पाचच्या सुमाराला. दुपारपर्यंत मी चांगला असायचो. वॉर्डात चार लोकांना दमात घेऊन गोळ्या गिळायला लावायचो, अन् पाच वाजले की पाठीतून थंडी चढायला लागायची. पहिले आठ-दहा दिवस मी कुणाला बोललोच नाही. वॉर्डातल्याच थर्मामीटरनं गुपचूप ताप बघायचा, पुसून जागेवर ठेवायचा, एक पॅरासिटामॉल टाकायची अन् ड्यूटी ओढायची.

मी नर्स आहे. पुरुष नर्स, म्हणजे दवाखान्यात ज्याला सगळे ब्रदर म्हणतात तो. हे लिहायला बसलो ते एवढ्याचसाठी, की आजारातलं थोडंफार कळणारा माणूस स्वतःच्या आजारात किती येड्यासारखा वागू शकतो, हे माझ्याइतकं नीट कुणी सांगणार नाही. कुणी असाच अंगावर ताप काढत बसला असंल तर त्यानं हे वाचावं आणि उठून डॉक्टरकडं जावं.

*

मुळात मी कापडाच्या दुकानातला माणूस. शहरातल्या जुन्या बाजारात, गुलमंडीत, बारा वर्षं गादीवर बसून लग्नाचे बस्ते बांधले. नवरीकडचे कोण, नवऱ्याकडचे कोण, कुणाला शालू दाखवायचा अन् कुणाला नुसता हात लावू द्यायचा, हे मला माणूस पायरी चढतानाच कळायचं. मग एक दुष्काळ असा आला की खेड्यापाड्यातली लग्नंच पुढं ढकलली गेली. दिवसभर आम्ही चार सेल्समन एकमेकांची तोंडं बघत बसायचो. शेवटी शेठनं मला बाजूला घेतलं अन् म्हणले, "आत्माराम, पुढच्या महिन्यापासून राहू दे."

त्याच उन्हाळ्यात माझे वडील वारले. त्याआधी दीड महिना ते दवाखान्यात पडून होते. त्यांची कूस बदलणं, अंग पुसणं, नळीतून भरवणं, सगळं मीच करायचो. तिथल्या मोठ्या सिस्टर एकदा म्हणल्या, "तुमचा हात हलका आहे. नर्सिंग का करत नाही?" मला हसू आलं. चौतिसावं चालू होतं मला. घरी मंगलला, म्हणजे बायकोला, सांगितलं तर ती म्हणली, "आता बायकांचं काम करणार व्हय तुम्ही?" अन् दोन दिवसांनी तिनंच फॉर्म आणून पुढ्यात टाकला.

वर्गात माझ्याशिवाय सगळी अठरा-एकोणीस वर्षांची. मला मामा म्हणायची. त्याचं काही वाटलं नाही. पण एका सोमवारी मी गावाकडून परस्पर वर्गात आलो, तर मागच्या बाकावरून कुणीतरी बोललं, "बकऱ्यांचा वास कुठून येतोय?" सगळा वर्ग हसला. मी पण हसलो. आम्ही धनगर. गंगापूर तालुक्यात आमचं गाव, अन् माझा थोरला भाऊ नाना आणि माय तिथं शेळ्या राखतात. त्या दिवसापासून मी गावाहून आलो की दोनदा अंघोळ करायचो, अन् कुणी विचारलं तर आमचं घराणं कापडाच्या धंद्यातलं म्हणून ठोकून द्यायचो.

पुढं नोकरी लागली ती जालना रोडवर, शेंद्र्याच्या बाजूला झालेल्या एका नव्या हॉस्पिटलात. शहर त्याच अंगाला वाढत चाललं होतं. तिथंही मी तेच सांगितलं. गुलमंडीवाले ब्रदर म्हणून माझं नाव पडलं आणि ते मला आवडलंही.

*

तीन-साडेतीन आठवडे ताप काढल्यावर कंबर धरली. आधी वाटलं, पेशंट उचलून उचलून लचकली असंल. मग एक दिवस जिना उतरताना डावा पाय पायरीवर पडलाच नाही. म्हणजे मी टाकला, पण तो माझ्या मनानं गेला नाही. कठडा धरून मी तिथंच उभा राहिलो. पुढची पायरी उतरायची हिंमत होईना.

कारण आमच्या वॉर्डात त्याआधी असाच एक पेशंट होता, माझ्याच वयाचा. त्याला कमरेखाली काही कळायचं नाही. दर दोन तासाला मी त्याची कूस बदलायचो, त्याची लघवीची पिशवी रिकामी करायचो. त्याची बायको मला रोज विचारायची, "भाऊ, आज जरा हलवला का त्यांनी पाय?" अन् मी रोज म्हणायचो, "होईल, ताई." मला माहीत होतं की होणार नाही.

त्या जिन्यात मला फक्त तो पेशंट आठवत होता. मी जगतो का मरतो हे नंतरचं. मी परत माझ्या पायांवर उभा राहीन का नाही, एवढीच भीती मनात बसली. अन् ती पुढं कित्येक दिवस हलली नाही.

*

ज्या वॉर्डात मी काम करायचो त्याच वॉर्डात मला ॲडमिट केलं. खिडकीकडची खाट दिली, तेवढा मान. अंगात हिरवा गाऊन, मागं नाड्या. माझ्या हाताला सुई लावली ती शबाना सिस्टरनं. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण मला सीनियर. शहागंजातली पोरगी, तोंडात कायम दखनी उर्दू. "ब्रदर, टेंशन नक्को लेओ, अपना ही वॉर्ड है," म्हणली. मला तर त्याचंच टेंशन होतं.

मग डॉक्टर मॅडम आल्या कागद घेऊन. सगळे प्रश्न मला पाठ. ताप कधीपासून, वजन उतरलं का, खोकला आहे का, घरात टीबी कुणाला होता का. मी फटाफट उत्तरं देत होतो. अन् मग त्यांनी विचारलं, "जनावरांशी काही संबंध? गाय, म्हैस, शेळी?"

मी म्हणलो, "नाही मॅडम. आम्ही मुकुंदवाडीत राहतो, फ्लॅटमध्ये."

आता खरं काय होतं ते सांगतो. त्या उन्हाळ्यात परत दुष्काळ होता. हॉस्पिटलालासुद्धा टँकर लागायचा, तर गावाकडचं काय विचारता. चाऱ्याला काही नाही, अन् नानाच्या गाभण शेळ्या एकामागं एक गाभडायला, म्हणजे दिवस भरायच्या आत पिल्लं टाकायला लागल्या. एक शेळी अडली, मेलेलं पिल्लू पोटातच. नानाचा फोन आला. मी सासऱ्यांची तब्येत बिघडली म्हणून खोटी सुट्टी काढली, गावी गेलो, शर्ट काढला अन् उघड्या हातानं ते पिल्लू ओढून काढलं. नंतर आणखी दोन शेळ्यांचं तसंच केलं. वॉर्डात साधी पट्टी बदलायची तरी हातमोजे घालणारा मी. पण शेळीपुढं बसलो की मी नर्स नसायचो. लहानपणापासून जसं करत आलो तसं केलं, हात राखेनं घासले, अन् भाकरीवर धारेचं दूध पिऊन एसटी पकडली.

मॅडमला नाही म्हणलो ते दोन कारणांनी. एक, खोटी सुट्टी उघडी पडली असती. दुसरं, शबाना सिस्टर पलीकडंच उभी होती अन् मला तो वर्ग आठवला. पण आणखी एक होतं. मला मनातून खरंच वाटायचं की शेळीचा अन् माझ्या तापाचा काहीएक संबंध नाही. आमच्यात शेळी म्हणजे औषध. तिच्यापासून कुणाला बाधा होते हे मी पुस्तकात एका ओळीत वाचलं होतं, परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण ते दुसऱ्या कुणाच्या तरी शेळ्यांबद्दल असतं असं डोक्यात.

*

पाठीचा एमआरआय झाला. रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांनी मला वाचू दिला नाही, पण मी तो फाईलमधून काढून वाचलाच. वाचायला नको होता. दोन मणके खराब झालेत, टीबी असू शकतो, अन् त्याच्याखाली गाठीचा संशय. गाठ कसली ते मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी फाईल परत ठेवली अन् छतावरच्या पंख्याकडं बघत पडलो. किती तरी वेळ मला मंगलला हाक मारायचंसुद्धा सुचलं नाही.

टीबीची औषधं चालू झाली. ताप जरा नरमला, पण पाय काही सुधरेना. डॉक्टर म्हणले, दहा दिवस बघू, नाहीतर मणक्यातून सुई घालून तुकडा काढून तपासू. मी स्वतः अशा पेशंटला धरून बसवलेलं आहे. "काही होत नाही, श्वास सोडा," असं मीच सांगायचो त्यांना.

दवाखान्यातला दिवस आतून कसा असतो ते तेव्हा कळलं. सकाळी सहाला बीपी, सातला चहा, आठला चादर, दहाला राउंड. मी ड्यूटीवर असताना हे सगळं इतकं पटापट व्हायचं की दिवस कधी गेला कळायचं नाही. खाटेवरून बघितलं तर दोन गोळ्यांच्या मध्ये एक युग जायचं. अन् मधल्या वेळात मी पायाची बोटं हलवून बघायचो. दर पाच मिनिटाला. अंगठा हलला की जिवात जीव, नाही हलला की चिमटा काढून बघायचो.

एक दुपार आठवते. शबाना सिस्टर गरम पाण्याचं तसराळं घेऊन आली अन् पडदा ओढून माझं अंग पुसायला लागली. शेकडो लोकांचं अंग मी पुसलंय. पण आपला पाय दुसऱ्यानं उचलून धरला, पुसला अन् परत खाली ठेवला, अन् आपल्याला त्यातलं अर्धंच कळलं, ते मला सहन झालं नाही. मी रडलो. तिनं काही विचारलं नाही, नुसतं पाणी बदलून आणलं. तिचं ते न विचारणं मी जन्मात विसरणार नाही.

*

घरात भांडणं लागली ती ह्याच दिवसांत. मंगल रात्रंदिवस माझ्याजवळ, मुलगी तिच्या मावशीकडं. एक दिवस मंगल डबा उघडता उघडता हळूच म्हणली, "अहो, त्या शेळ्यांचं तर काही नसंल ना? डॉक्टरांना सांगून बघा की."

मी असा भडकलो. "पिढ्यानपिढ्या शेळ्या आहेत आमच्यात. कुणाला काही झालं का आजवर? नर्सिंग मी केलंय का तू?"

"तुम्हीच केलंय," ती म्हणली. "पण तुम्हाला नोकरी प्यारी का पाय?"

मी तिला मुलीची शपथ घातली, की ह्यातलं एक अक्षर इथं बोलायचं नाही. ती डबा तसाच ठेवून बाहेर जाऊन बसली. मी माणूस वाईट नाही, पण घाबरलेला माणूस फार वाईट बोलतो. त्याबद्दल मी नंतर तिची माफी मागितली, पण बोललो ते बोललोच.

अन् माय यायची. दर दोन दिवसांनी, पहाटे शेळीची धार काढून, पहिल्या गाडीनं गंगापूर अन् तिथून एसटीनं शहर. पाण्याच्या बाटलीत दूध, बाटलीला ओलं फडकं. ती वॉर्डात शिरली की माझा जीव खालीवर व्हायचा. तिच्या लुगड्याला वास यायचा, ती मोठ्यानं बोलायची. मी तिला लवकर पाठवायला बघायचो. एकदा शेजारच्या पेशंटनं विचारलं, "ह्या कोण?" तर मी "गावाकडच्या आहेत" म्हणलो. आई म्हणलो नाही. ते माय ऐकत होती. तिनं मला पांघरूण घातलं अन् ती गेली. अन् ते दूध मी प्यायचो. कच्चं. रोगानं खंगलेला माणूस मी, तेच दूध अंगी लागंल म्हणून घटाघटा प्यायचो.

*

सुईनं तुकडा काढायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी सकाळी माय आली. मॅडम शेजारच्या खाटेवर राउंड घेत होत्या. शबाना सिस्टरनं पहिल्यांदाच मायच्या हातातली बाटली बघितली.

"अम्मा, ये क्या लाये? बाहेरचं काही द्यायचं नाही पेशंटला."

"बाहेरचं कुठं, घरचं हाय. शेळीचं दूध."

"तापवलंय ना?"

"तापवलं की दम जातो गं त्यातला," माय म्हणली. "अन् ही कोणती शेळी हाय माहिती का? ह्यानंच वाचवलेली. धा शेळ्या गाभडल्या आमच्या यंदा. हिचं तर पिल्लू पोटातच मेलं. जनावराचा डॉक्टर काय आला नाय. ह्यो आला सुट्टी काढून, अन् कोपरापर्यंत हात घालून काढलं बघ. लई हातगुणाचं हाय माझं लेकरू. तुमच्या दवाखान्यातबी असंच करत असंल, व्हय ना?"

ती अभिमानानं सांगत होती. मी उशीत तोंड घातलं. वाटलं, आता ही खाट मला घेऊन जमिनीत गेली तर बरं.

मॅडम शेजारच्या खाटेवरून वळल्या. "ब्रदर, तुम्ही तर जनावरं नाहीत म्हणाला होतात."

मायनं माझ्याकडं बघितलं, मग मॅडमकडं. "नाहीत कशी, बाई? त्याच्यावरच तर ह्याला वाढवलं," ती म्हणली.

मॅडमनी आवाज चढवला नाही. फक्त म्हणल्या, "उद्याची सुई थांबवा. आधी रक्त घ्या." अन् शबाना सिस्टरनं माझ्या दंडाला पट्टी बांधली. मी तिच्याकडं बघायचं टाळत होतो तर ती हळूच म्हणली, "मेरी नानी भी बकरियां रखती थी. इत्ता क्या छुपाने का?"

रिपोर्टाला चार दिवस लागले. ते दिवस आधीच्या सगळ्यांपेक्षा वाईट गेले. कारण आधी नुसती भीती होती, आता आशा पण होती, अन् दोन्ही एका छातीत मावत नव्हत्या. पाचव्या दिवशी मॅडम आल्या. ब्रुसेलोसिस म्हणतात त्याला. शेळ्यांपासून येतो, कच्च्या दुधातून येतो, गाभडलेल्या शेळीला उघडा हात लावला की येतो. गाठ नाही. टीबी नाही; टीबीच्या गोळ्यांतली एक ह्यालाही लागू पडते, म्हणून ताप नरमला होता. काही महिने गोळ्या, सुरुवातीला इंजेक्शनं, एकही चुकवायची नाही.

"मॅडम, पाय?" मी विचारलं.

"येईल ताकद. किती येईल ते आत्ता सांगता येत नाही. फार उशीर केला तुम्ही."

*

पायात ताकद आली. आधी कठडा धरून, मग मंगलच्या खांद्याला धरून, मग एकटा. पहिल्यांदा संडासला एकटा गेलो तेव्हा आत उभा राहून देवाचं नाव घेतलं. गोळ्यांनी पोटात मळमळायचं, संध्याकाळचे पाच वाजले की अजून अंग चाचपून बघायचो. खोट्या सुट्टीचं मी स्वतःच लिहून दिलं. एक लेखी समज मिळाली, नोकरी राहिली. वॉर्डात आता सगळ्यांना माहीत आहे मी कुठला. कुणी हसलं नाही. मीच उगाच इतकी वर्षं भीत राहिलो.

मॅडमनी सांगितलं होतं, घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासा. मंगल अन् मुलगी ठीक निघाल्या. नाना ऐकायलाच तयार नव्हता. "आम्हाला काय धाड भरलीय?" म्हणायचा. त्याला, वहिनीला अन् मायला शेवटी मी स्वतः गाडी करून आणलं. नाना ठीक, वहिनी ठीक.

मायचं रक्त माझ्याहून खराब निघालं. मग तिच्या पाठीचा फोटो काढला. मॅडमनी तो उजेडाला धरून मला दाखवला. दोन मणके एकमेकांत जुळून गेले होते. "हे जुनं आहे," त्या म्हणल्या. "दोन-तीन वर्षांचं तरी असेल." ती कमरेत वाकत चाललीय हे आम्ही सगळे बघत होतो. म्हातारपण म्हणत होतो.

मी तिच्याजवळ बसून विचारलं, "माय, ताप येत होता तर सांगायचं नाही का?"

"सांगितलं की," ती म्हणली. "दोनदा सांगितलं. कंबर बी सांगितली. तू म्हणलास, ऊन लागलं असंल, वय झालं. गोळ्या दिल्यास." मग म्हणली, "तू दवाखान्यातला माणूस. मला वाटलं, तसंच असंल."

आम्हा दोघांच्याही गोळ्या कधीच संपल्या. माझी पाठ पूर्ण बरी झाली, मी आठ तास उभ्यानं ड्यूटी करतो. मायचा ताप गेला, पण कंबर सरळ व्हायची वेळ निघून गेली होती. माझ्याकडं बघायचं तर तिला भिंत धरून मान वर करावी लागते. म्हणून गावी गेलो की मी आता जमिनीवर बसूनच तिच्याशी बोलतो.